एकाच ओट्यावर बांगडा आणि नैवेद्य

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

शाकाहार आणि मांसाहार यांवरून घरात किंवा बाहेर उद्भवणाऱ्या मतभेदांविषयी आम्ही गेल्या अंकात पत्रे मागवली होती. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमचे घर पिढ्यानपिढ्या शाकाहारी आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाचे लग्न मालवणकडच्या मुलीशी झाले. सून गुणी आहे, तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. घरात मासे शिजवायचे नाहीत, बाहेर जाऊन खुशाल खावेत, एवढी एकच अट मी घातली होती आणि ती तिने विनातक्रार पाळली. आता तिला पाचवा महिना लागला आहे आणि माहेरच्या बांगड्याच्या तिखल्याची तिला फार आठवण येते. मुलगा म्हणतो की घर तिचेही आहे. मला मात्र त्या वासाने खरोखर मळमळते, शिवाय देवाचा नैवेद्य त्याच ओट्यावर होतो. माझे चुकते आहे का? (सांगली)

उत्तर : आपल्याला मळमळते यात चूक-बरोबर ठरवण्यासारखे काही नाही. ज्या घरात कधी मासा शिजला नाही तेथे वाढलेल्या माणसाला तो वास सहन होत नाही, आणि “एकदा खाऊन तर बघा” असे म्हणणाऱ्यांनी ते समजून घेतले पाहिजे. पण आपल्या पत्रात वास आणि सोवळे या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. वासाला उपाय आहेत. विचार करायचा आहे तो सोवळ्याचा.

मासे खाणाऱ्या घरात धरबंध नसतो अशी शाकाहारी घरांतून एक समजूत असते आणि ती बहुतेक वेळा अज्ञानातून आलेली असते. आपल्या सुनेला तिच्या माहेरच्या वारांविषयी एकदा निवांतपणे विचारून पाहा. सोमवार शिवराक (म्हणजे शाकाहारी), संकष्टी शिवराक, एकादशी शिवराक, श्रावणात महिनाभर मासळीचे नाव नाही, गणपतीत तर नाहीच नाही, असे नियम तिकडच्या कितीतरी घरांत आजही काटेकोरपणे पाळले जातात, आणि ते पाळणारी माणसे आपल्याइतकीच देवभोळी असतात. पुणे जिल्ह्यात बोल्हाई देवीला मानणारी घरे मटण खातात, पण फक्त मेंढीचे. बोकडाचे मटण त्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणजे सोवळे तेथेही आहेच, फक्त त्याची रेघ दुसरीकडे ओढलेली आहे. गोव्यातील आणि कोकणातील गौड सारस्वत ब्राह्मणांच्या घरांत मासे शिजतात आणि नैवेद्यही होतो, हे आपल्या ऐकिवात असेलच. शास्त्राधार हवा असेल तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात “न मांसभक्षणे दोषो” असे म्हणणारा श्लोक आहे आणि त्याच श्लोकाच्या शेवटी “निवृत्तिस्तु महाफला” असेही म्हटले आहे. खाण्यात दोष नाही, पण न खाण्याचे फळ मोठे, असा त्याचा सरळ अर्थ. दोन्ही पक्ष त्यातला आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात.

आता अटीविषयी. “बाहेर खुशाल खावे” ही अट आपल्याला उदार वाटली असेल, आणि घातली तेव्हा ती तशी असेलही. पण जे अन्न खाऊन एखादी मुलगी लहानाची मोठी झाली ते तिच्या स्वतःच्या घरात शिजू शकत नाही, हे तिला रोज आठवत राहते. तिने दोन वर्षे तक्रार केली नाही याचा अर्थ तिला काही वाटले नाही असा होत नाही. शिवाय गरोदरपणी खाणावळीतल्या कालच्या मासळीपेक्षा घरी आणलेला ताजा बांगडा केव्हाही बरा. त्यात उत्तम प्रथिने असतात आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला उपयोगी पडणारी ओमेगा-3 मेदाम्लेही असतात. (मोरी म्हणजे शार्क, तिच्यासारख्या शिकारी माशांत पाऱ्याचे प्रमाण जास्त असू शकते, त्यामुळे ते या काळात टाळावेत, बाकी तिच्या डॉक्टरांना विचारावे.)

आमची सूचना अशी. आठवड्यातला एक वार ठरवावा. नैवेद्य सकाळी आटोपून जावा आणि मासे दुपारनंतर व्हावेत. मागच्या व्हरांड्यात किंवा गॅलरीत एक सुटी शेगडी ठेवता आली तर ओट्याचा प्रश्नच उरत नाही. पातेले, तवा, विळी आणि घासणी वेगळी असावी. पुष्कळ मिश्र घरांत ती तशी असतेच. मासे धुतलेले पाणी मोरीत तुंबू देऊ नये, काटे-कल्ले त्याच दिवशी घराबाहेर जावेत आणि भांड्यांना चिंच किंवा लिंबाची साल चोळावी. त्या दोन तासांत आपण देवळात किंवा मैत्रिणीकडे गेलात तर त्यात कोणाचाही अपमान नाही. मासे शिजवण्याची, वाढण्याची किंवा त्या भांड्यांना हात लावण्याची सक्ती आपल्यावर कोणीही करू नये. आणि “घर तिचेही आहे” असे म्हणणाऱ्या चिरंजीवांनी बोलून न थांबता ती भांडी स्वतः घासावीत, असे आम्हाला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांपासून पंढरीची वारी आहे आणि आईवडील दोघेही माळकरी आहेत. मी पुण्यात वसतिगृहात राहून शिकतो. व्यायामशाळेतील प्रशिक्षकांनी सांगितल्यावरून वर्षभरापासून मी चिकन खाऊ लागलो आहे. घरी हे माहीत नाही. सुट्टीत आई जेवायला वाढते तेव्हा अपराधी वाटते. सांगून टाकावे की खाणे सोडावे? (सातारा जिल्हा)

उत्तर : राजकोटमध्ये शाळेत शिकणाऱ्या मोहनदास गांधींनाही हाच पेच पडला होता. इंग्रज मांस खातात म्हणून ते बलवान आहेत आणि आपल्यावर राज्य करतात, असे एका मित्राने त्यांना पटवले आणि त्यांनी लपूनछपून काही वेळा मांस खाल्ले. घरी आल्यावर भूक नाही असे आईला खोटे सांगावे लागे, आणि ते खोटे बोलणे त्यांना मांसापेक्षाही जड गेले. आईवडील हयात आहेत तोवर खायचे नाही, ते गेल्यावर उघडपणे खाऊ, असे त्यांनी ठरवले. पुढे 1888 मध्ये ते लंडनला गेले तेव्हाही आईला दिलेल्या शब्दापुरतेच शाकाहारी राहिले. सगळ्या हिंदी लोकांनी मांस खावे असेच त्यांना त्या वेळी वाटत होते. तेथील एका शाकाहारी खाणावळीत हेन्री सॉल्ट यांची शाकाहारावरची पुस्तिका त्यांच्या हाती पडली, आणि ती वाचल्यानंतर ते स्वतःच्या निर्णयाने शाकाहारी झाले.

आपल्यालाही खोटे बोलणे आणि चिकन खाणे यांचा वेगवेगळा विचार करावा लागेल. माळ हे ज्याने ती घातली त्याचे व्रत असते. आपण ती घातली नसेल तर आपल्याकडून कोणतेही व्रत मोडलेले नाही. घातली असेल तर ती गळ्यात ठेवून खाणे योग्य नाही, हे आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. प्रशिक्षकांच्या सल्ल्याबद्दल मात्र आम्हाला शंका आहे. सर्वसाधारण प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे 65 किलोच्या माणसाला साधारण 54 ग्रॅम. वजने उचलणाऱ्याला त्याहून जास्त लागतात हे खरे. पण डाळी, उसळी, शेंगदाणे, दूध, पनीर आणि सोयाबीन यांतून तीही मिळवता येतात. तेव्हा “शरीराला गरज आहे” हे कारण आईपुढे ठेवू नका, कारण ते पुरते खरे नाही. चव आवडली असेल तर तसे सांगा. आधी वडिलांशी बोलावे की आईशी, हे आपल्या घरात कोण शांतपणे ऐकून घेते त्यावर ठरवा. मात्र वारीच्या दिवसांत हा विषय काढू नका.

प्रश्न : कोल्हापुरात आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला असतो. दीड वर्षापूर्वी बोकड कापताना प्रत्यक्ष पाहिल्यापासून मी मटण, चिकन, अंडी सगळे सोडले. घरी मी अजूनही रस्सा करून वाढते, फक्त खात नाही. तरी यजमान आणि दीर रोज टोमणे मारतात : “मग दूध कसे चालते? त्यात हिंसा नाही?” त्यांना काय उत्तर द्यावे? (कोल्हापूर)

उत्तर : टोमणा असला तरी मुद्दा खरा आहे, म्हणून त्याला बगल देऊ नका. गाय किंवा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि होणाऱ्या वासरांपैकी जवळजवळ निम्मे नर असतात. पूर्वी बैलाला नांगराचे काम होते. आता ट्रॅक्टर आला आणि कृत्रिम रेतनामुळे गावोगाव वळू पाळायची गरजही उरली नाही, त्यामुळे गोठ्यात नर वासराला फारसे मोल राहिलेले नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्याने होतीच. 2015 पासून बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. म्हशी तिच्या बाहेर आहेत. त्यामुळे रेडकू एक तर आईचे दूध तोडल्याने हेळसांडीत मरते किंवा पुढे कत्तलखान्यात जाते, आणि गाईचा गोऱ्हा न विकता येणारा, न पोसता येणारा बोजा होऊन शेतकऱ्याच्या दारात उभा राहतो. दुधाचा हिशेब असा आहे, आणि चहाचा कप हातात धरून रश्शाला नावे ठेवणाऱ्या शाकाहारी मंडळींनीही तो एकदा करून पाहावा.

पण यावरून आपले मटण सोडणे खोटे ठरत नाही. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात एक विलक्षण प्रांजळ नोंद आहे. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात कालवणासाठी रोज लक्षावधी प्राणी मारले जात; हा लेख लिहिताना तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही; पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. एवढ्या मोठ्या राजाने तीन प्राणी अजून शिल्लक आहेत हे दगडावर कोरून ठेवले, ते लपवले नाही. गांधींनीही दूध सोडले होते, पण आजारपणात कस्तुरबांच्या सुचवण्यावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले, आणि आपण व्रताचे शब्द पाळले, आत्मा मात्र मारला, असे त्यांनी स्वतःच कबूल केले. “मला एवढे जमले आहे, दूध अजून सुटलेले नाही,” एवढेच आपण यजमानांना सांगावे. त्यावर त्यांना काही बोलता येईल असे वाटत नाही.

पुढे दूधही सोडावेसे वाटले तर बी-12 जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. ते वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही आणि त्याची उणीव मज्जासंस्थेवर परिणाम करते. आणखी एक विचारावेसे वाटते. 2019 ते 2021 मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील 15 ते 49 वयोगटातले सुमारे 83 टक्के पुरुष कधी ना कधी मासे किंवा मांस खातात; स्त्रियांत हे प्रमाण सुमारे 71 टक्के आहे. घरातला संयम बायकांच्या वाट्याला आणि रस्सा पुरुषांच्या, अशी वाटणी आपल्याला नवी नाही. आपण स्वतः विचार करून सोडले आहे, हे वेगळे आणि चांगले आहे. मात्र ज्या दृश्याने आपण हादरलात त्याचेच मटण दर रविवारी आपणच का शिजवावे? पाट्यावर वाटण करून द्यायला हरकत नाही, पण मटण धुणे आणि शिजवणे यजमान आणि दीर यांनी शिकून घ्यावे. कोल्हापुरात उत्तम रस्सा करणाऱ्या पुरुषांची वाण नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गावातल्या देणगीतून आम्ही आठवड्यातून एकदा मुलांना उकडलेले अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे देतो. काही पालक म्हणतात की अंडी खाणाऱ्या मुलांना वेगळे बसवा, नाहीतर आमच्या मुलांना चटक लागेल. काय करावे? (लातूर जिल्हा)

उत्तर : नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे किंवा केळे द्यायचे ठरवले आणि जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा निधी थांबवून ती लोकसहभागावर सोपवली. शासनाने हात काढून घेतल्यावरही गावाने वर्गणी काढून ती चालू ठेवली याबद्दल आपले आणि गावकऱ्यांचे अभिनंदन. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि ज्या मुलाच्या घरी आठवडाभर वरणही पातळच असते त्याच्यासाठी हे थोडे नाही.

ज्या पालकांना आपल्या मुलाने अंडे खाऊ नये असे वाटते त्यांचा तो हक्क आहे आणि शाळेने तो जपावा. त्यांच्याकडून लेखी घ्या, यादी ठेवा, त्या मुलाच्या ताटात चुकूनही अंडे जाणार नाही याची काळजी घ्या. अंड्याचे आणि केळ्याचे वाढप वेगळ्या हातांनी करा. पण वेगळी पंगत मांडू नका. कोणाच्या शेजारी कोणी बसायचे हे ताटातल्या पदार्थावरून ठरवण्याचा रिवाज आपल्या गावांनी पूर्वी पुरेपूर पाहिला आहे, आणि त्या वेगळ्या बसवलेल्या पंगतीत कोणत्या वस्तीची मुले जास्त दिसतील हे आपल्याला आम्ही सांगण्याची गरज नाही. पालकांची सभा घ्या, त्यांना पोषण आहाराच्या दिवशीच बोलवा आणि मुले हजेरीच्या क्रमाने बसली आहेत ते त्यांना पाहू द्या. केळेवाल्या मुलाला शेजारच्याचे अंडे पाहून चटक लागते की नाही ठाऊक नाही. अंडेवाली मुले मात्र केळेही मागतील, तेव्हा केळी थोडी जास्तच आणून ठेवा.