‘डोन्ट व्हॅलिडेट’ कुठे गेलं? विद्यापीठाच्या वायफायबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या विद्यापीठाने वायफायचा पासवर्ड बंद करून प्रत्येकाला सर्टिफिकेटची फाइल दिली आहे. जुन्या फोनवर हॉस्टेलमधल्या दादाने ‘डोन्ट व्हॅलिडेट’ निवडून काम भागवलं होतं. खडेबाजारातून नवा अँड्रॉइड घेतला, त्यात तो पर्यायच नाही. आता काय भरू? (विद्यार्थिनी, खानापूर)

तो पर्याय, म्हणजे ‘सर्व्हरची ओळख तपासू नको’, अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून हटू लागला. गेला ते बरंच झालं. सर्टिफिकेटच्या पद्धतीत, म्हणजे ईएपी-टीएलएसमध्ये, दोघांनीही आपली ओळख पटवायची असते : तुम्ही सर्व्हरला, सर्व्हरने तुम्हाला. ‘डोन्ट व्हॅलिडेट’ म्हटलं की दुसरी बाजू पुसली जाते. मग तुमच्या विद्यापीठाच्याच नावाचं वायफाय कुणी बस स्थानकावर चालू केलं, तर फोन मुकाट्याने त्याला जोडला जाईल.

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘पी१२’ असतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘सर्टिफिकेट’ टाइप करा, कारण प्रत्येक कंपनीने हा मेनू वेगळ्या कोपऱ्यात ठेवला आहे. ‘इन्स्टॉल अ सर्टिफिकेट’मध्ये तीन पर्याय दिसतील. त्यातलं ‘वाय-फाय सर्टिफिकेट’ घ्या. बहुतेक जण इथेच चुकतात. वरचं ‘सीए सर्टिफिकेट’ (सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था) दाबलं की फोन मोठा इशारा दाखवतो, ‘व्हीपीएन अँड ॲप’ दाबलं तर फाइल बसते, पण वायफायच्या यादीत दिसत नाही.

मग नेटवर्कवर टिचकी मारून असं भरा :

ईएपी मेथड : टीएलएस. खाली पासवर्डचा रकाना दिसला, तर पीईएपीसारखी पासवर्डची पद्धत निवडलेली आहे, मागे या.
सीए सर्टिफिकेट : मघाशी फाइल बसवताना तिला दिलेलं नाव.
ऑनलाइन सर्टिफिकेट स्टेटस : आहे तसंच राहू द्या.
डोमेन : आयटी विभागाने दिलेलं रेडियस सर्व्हरचं (वायफायवर ओळख तपासणाऱ्या सर्व्हरचं) नाव, अक्षर न् अक्षर.
युजर सर्टिफिकेट : पुन्हा तेच नाव.
आयडेंटिटी : तुमचा यूएसएन (विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी क्रमांक), मग ॲटची खूण, मग विद्यापीठाचं डोमेन.

ॲटपुढचा भाग गाळला तरी आपल्या आवारात अनेकदा चालून जातं. पण तुमचं वायफाय एज्युरोम (अनेक शिक्षणसंस्थांत चालणारं सामाईक वायफाय) असेल, तर दुसऱ्या संस्थेत गेल्यावर नेमकं तिथेच अडतं. भारतात एज्युरोम अर्नेट इंडिया चालवते, आणि तुमची विनंती कोणत्या विद्यापीठाकडे पाठवायची हे ॲटपुढच्या नावावरूनच ठरतं. डोमेनच्या रकान्यात तिथेही आपल्याच विद्यापीठाच्या सर्व्हरचं नाव राहतं.

फोनचा मेनू कन्नडमध्ये असला तरी रकाने हेच. काम झाल्यावर डाउनलोड्समधली फाइल पुसा आणि ती व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका. त्यात तुमची खासगी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारं गुपित, आहे.

प्रश्न : सुट्टीत लॅपटॉप महिनाभर बंद होता. आता वायफाय ‘सर्टिफिकेट अमान्य’ म्हणतं. (विद्यार्थी, चिकोडी)

आधी तारीख बघा. आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि त्या तारखेला तुमचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसतं. तारीख हाताने नीट करा, कारण नेट नसल्याने ती आपोआप सुधारणार नाही. रोज बिघडत असेल तर बॅटरी बदलून घ्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सीआर२०३२ असते. तारीख बरोबर असूनही अडलं, तर सर्टिफिकेटची मुदत संपली असेल.

प्रश्न : मी कॉलेजचा नेटवर्क बघतो. तयार केलेली पी१२ फाइल लिनक्सवर उघडते, पण जुन्या आयफोनवर आणि मॅकवर पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येतो. पासवर्ड तर बरोबर आहे. (निपाणी)

पासवर्डची चूक नाही. फाइल बनवायला वापरतात त्या ओपनएसएसएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पी१२ची मूळ सांकेतिक पद्धत बदलून एईएस-२५६ झाली. जुन्या उपकरणांना ती वाचता येत नाही, आणि बिचारी ‘पासवर्ड चुकला’ एवढंच सांगू शकतात. फाइल बनवण्याच्या आज्ञेत ‘लेगसी’ हा पर्याय जोडा. ती जुनी पद्धत कमकुवत आहे, म्हणून अशी फाइल ईमेलने फिरवू नका. विद्यार्थ्याने लॉग-इन करून स्वतः उतरवावी. आयफोनला तयार प्रोफाइल (सेटिंग्जची फाइल) दिलं तर सर्व्हरचं नाव आणि सीए त्यातच बसतात, मुलांना काही टाइप करावं लागत नाही.

प्रश्न : मुख्य आवारात सगळं चालतं. व्हीपीएनने जोडलेल्या केंद्रावर पासवर्डवाले जोडले जातात, सर्टिफिकेटवाले मात्र ‘कनेक्टिंग’वरच अडकतात. (नेटवर्क ॲडमिन, बेळगाव)

हे पॅकेटच्या आकाराचं दुखणं आहे. पासवर्डच्या पद्धतीत फोन फारसं काही पाठवत नाही. टीएलएसमध्ये तो आपलं सर्टिफिकेट आणि मधल्या सीएचंही पाठवतो, किल्ली आरएसए २०४८ प्रकारची असेल तर दोन-तीन हजार बाइट सहज. प्रत्येक तुकडा सुमारे १४०० बाइटचा, त्यावर रेडियसची आपली भर. एकूण १५०० ओलांडलं की रेडियसच्या यूडीपी पॅकेटचे दोन भाग होतात, आणि कित्येक फायरवॉल दुसरा भाग टाकून देतात.

खात्री करायला फ्रीरेडियस (रेडियस सर्व्हरचा प्रोग्रॅम) ‘एक्स’ पर्यायाने चालवा. सर्व्हर ‘ॲक्सेस-चॅलेंज’ पाठवतो आणि पुढे काहीच येत नाही, असं दिसलं की रोग सापडला. फ्रीरेडियसमधला तुकड्याचा आकार १०२४ ठेवा, पण त्याने फक्त सर्व्हरकडून जाणारे तुकडे लहान होतात. फोनकडून येणाऱ्यांसाठी फायरवॉल आणि व्हीपीएनवर तुटलेली पॅकेट जाऊ द्यावी लागतात, नाहीतर रॅडसेक (टीएलएसमधून जाणारं रेडियस) वापरा, तो टीसीपीच्या २०८३ पोर्टवर चालतो. नवी सर्टिफिकेट काढताना आरएसएऐवजी पी-२५६ प्रकारची किल्ली घेतली तर आकार बराच उतरतो. साखळीत मूळ सीए पाठवायची गरज नाही.

प्रश्न : विद्यार्थ्याचा फोन हरवला. त्याचा पासवर्ड बदलला, पुरे? (ग्रंथपाल, बेळगाव)

नाही. सर्टिफिकेटला पासवर्डशी देणंघेणं नाही, ते मुदत संपेपर्यंत चालत राहतं. आयटी विभागाला ते त्याच दिवशी रद्द करायला सांगा. ते रद्द झालेल्यांच्या यादीत जातं, पण सर्व्हरवर ‘चेक सीआरएल’ (ही यादी तपासण्याची सेटिंग) चालू नसेल तर ती यादी कुणी वाचतच नाही. यादीलाही स्वतःची मुदत असते. ती वेळेवर नवी केली नाही, तर एखाद्या सकाळी सगळ्या आवाराचं वायफाय नाकारलं जातं आणि ॲडमिन तासभर ॲक्सेस पॉइंट तपासत बसतो. यादी रोज आपोआप उतरून सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावणारं काम क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) लावून ठेवा.