टार्गेट लावलं तरी तुकडा कमी का होत नाही?

वाचक विचारतात : कामधंदा आणि कारभार

प्रश्न : सावंतवाडीजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे, फोडणीला बारा बायका. भाचा एमबीए करून आला तेव्हापासून त्याने परफॉर्मन्स मोजायला सुरुवात केलीय. रोज प्रत्येकीच्या मालातले २०० गर मोजायचे, त्यातला पाकळी-तुकडा, म्हणजे फुटलेले गर, किती निघाला ते नावासकट बोर्डावर लिहायचं. सगळ्यात कमी जिचा तिला त्या दिवशी ५० रुपये जादा, सगळ्यात जास्त असलेल्या तिघींना मुकादमीण बोलते. वर किलोचं टार्गेट आहेच. वर्ष होत आलं, सरासरी २०० मागे २४ तुकडे होते ते अजून २४ च आहेत. गंमत म्हणजे आज पहिली आलेली बाई परवा शेवटून दुसरी असते. दोघीजणी सोडून दुसऱ्या कारखान्यात गेल्या. आता भाचा म्हणतोय बक्षीस १०० करूया. करू का?

उत्तर : दादा, नका करू. आणि तुम्ही ज्याला गंमत म्हणताय ना, तिथेच सगळं उत्तर आहे. जी खरंच हाताने चांगली असेल ती बहुतेक दिवस वरच दिसायला हवी. तीच बाई दोन दिवसांत वरून खाली येत असेल तर तुमच्या बोर्डावर कसब दिसत नाहीये, नशीब दिसतंय, आणि तुम्ही रोज ५० रुपये नशिबाला देताय.

हिशोब मोबाईलवर होतो, करून बघा. सरासरी २४ तुकडे, म्हणजे ८८ टक्के गर अख्खे. २४ ला ०.८८ ने गुणा, २१ च्या आसपास येतं, त्याचं वर्गमूळ ४.६, त्याची तिप्पट १३.८. हे २४ मधून वजा केलं की साधारण १०, मिळवलं की ३८, नुसत्या नशिबाने आकडा एवढ्यातच खालीवर होतो. म्हणजे बाराही बायका अगदी सारख्या हाताच्या असत्या, बी तीच, मशीन तीच, तरी एखाद दिवशी कुणाचे १४ निघतील आणि कुणाचे ३३, त्यात कुणाचा गुण नाही की दोष नाही. कुणी १० च्या खाली गेली किंवा ३८ च्या वर, तर मात्र उठून तिच्या मशीनपाशी जायचं, कारण तेव्हा खरंच काहीतरी वेगळं घडलेलं असतं, पातं सैल झालं असेल, बी ओली आली असेल, बाईला ताप असेल, काहीही. ही रीत वॉल्टर शूहार्ट या माणसाने १९२४ मध्ये काढली, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. शंभर वर्षं झाली तरी आपल्याकडे ऑफिसातले मोठमोठे साहेब सुद्धा मागच्या महिन्यापेक्षा दोन टक्के खाली आलं की मीटिंग लावतात.

शूहार्टचे विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग, १९५० पासून जपानी कारखानदारांना क्वालिटी शिकवायला गेले ते, त्यांच्या शिबिरात एक खेळ घ्यायचे. एका पेटीत ४००० मणी, त्यातले ८०० लाल. ५० खळग्यांची एक फळी त्यात बुडवून मणी उचलायचे आणि लाल मणी म्हणजे खराब माल. समोर बसलेल्यांतलेच काहीजण कामगार व्हायचे. ज्याचे लाल कमी त्याला शाबासकी, ज्याचे जास्त त्याला दम, शेवटी काहींना कामावरूनच काढायचे. फळीत सरासरी १० लाल येणारच, पेटीतच तेवढे आहेत, बिचारा कामगार काय करणार? पण शिबिरात बसलेले लोक म्हणे मनापासून घाबरायचे. तुमच्या मुकादमिणीने हे एकदा करून बघावं, डबाभर तांदळात चण्याची डाळ मिसळली तरी काम होतं.

मग २४ चे १५ कसे करायचे? पेटीतले लाल मणी शोधायचे, आणि ते बाईच्या हातात कमी आणि तिच्याकडे माल येण्याआधी जास्त असतात. वेंगुर्ला-७ ची बी मोठी, गावठी बारीक, आणि आफ्रिकेची मिसळली असेल तर ती अजून तिसऱ्याच मापाची. चाळणीने साईज न करता एकाच सेटिंगच्या पात्यावर सगळी लावली तर मोठी बी चिरडणार आणि बारीक बी नीट उघडणारच नाही, मग बाई सुईने टोकरत बसणार आणि गर मोडणार. वाफवलेली बी रात्रभर सुकून थंड व्हायला हवी, ऑर्डर घाईची आहे म्हणून दुपारीच फोडायला काढली तर गर टरफलाला धरून ठेवतो. तुम्ही सोलाईनंतर मोजत असाल तर ड्रायरही आला त्यात, जास्त तापला की गर कुरकुरीत होऊन सोलतानाच दोन पाकळ्या होतात, आणि तोही तुकडा त्या फोडणाऱ्या बाईच्याच नावावर! यातलं एकही तिच्या हातात नाही, सगळं तुमच्या आणि तुमच्या मुकादमिणीच्या हातात आहे.

आठवडाभर असं करा. बोर्डावरून नावं पुसा, त्याऐवजी लॉट नंबर, मशीन नंबर आणि वाफ किती वाजता काढली ते लिहा. मग बायकांच्या मशीन आपसात बदला. तुकडा बाईबरोबर गेला तर तिला शिकवायची गरज आहे, मशीनबरोबर राहिला तर फिटरला बोलवा. आणि आधी एक साधी तपासणी करा, तेच २०० गर दोन वेगवेगळ्या माणसांना एकमेकांना न सांगता मोजायला द्या. टोक जरासं उडालेला गर एक जण अख्ख्यात टाकतो, दुसरा तुकड्यात, हे जवळजवळ सगळीकडे होतं, आणि मग आख्खं वर्षभराचं रेकॉर्ड कशाचं म्हणायचं? चार नमुन्याचे गर बरणीत घालून टेबलावर ठेवा, हा अख्खा, हा तुकडा.

किलोचं टार्गेट आणि तुकड्याचं बक्षीस, ही दोन्ही एकत्र म्हणजे बाईला एकाच वेळी पळ पण आणि हळू चाल पण असं सांगणं आहे. किलोतून जास्त पैसे सुटत असतील तर ती किलोच बघणार, तिचंही घर आहे. बक्षीस एकदम बंद करू नका मात्र, काहीजणींनी ते पैसे धरलेले असतात. रोज ५० प्रमाणे महिन्याला जे जातात ते सगळ्यांच्या दरात वाटून टाका. भाच्याला रागावू नका, मोजायचं त्याने बरोबर धरलंय, फक्त मोजून बाईकडे बोट दाखवलं तिथे गडबड झाली. जे मोजता येत नाही ते मॅनेज करता येत नाही, असं डेमिंगच्या नावावर सगळीकडे खपवतात ना, त्यांनी लिहिलंय ते बरोबर उलटं, असं मानणं हा महागात पडणारा भ्रम आहे म्हणून. हे त्याला जरूर सांगा, एमबीएवाल्यांना आवडतं असलं.

प्रश्न : आमचा देवगड तालुक्यात बचत गट आहे, कोकम आगळ, सरबत, आंबा पल्प, फणसपोळी करतो. एक कन्सल्टंट आलाय, चार दिवसांत आयएसओ ९००१ सर्टिफिकेट देतो म्हणतो, ९ हजारात. मुंबईच्या दुकानात माल ठेवायला उपयोग होईल का?

उत्तर : ताई, चार दिवसांत मिळतो तो कागद. आयएसओ ही संस्था स्वतः कुणाला सर्टिफिकेट देत नाही, ती फक्त नियम लिहिते, देणाऱ्या संस्था वेगळ्या. आपल्या देशात अशा संस्थांना मान्यता देणारं एनएबीसीबी नावाचं मंडळ आहे, त्याची मान्यता आहे का ते आधी विचारा, कन्सल्टंट तिथेच चहा संपवून उठेल बहुतेक. दुसरं, ९००१ म्हणजे तुमचं सरबत चांगलं असा शिक्का नव्हे. तुम्ही कामाची पद्धत ठरवलीय, ती पाळता, चुकलं तर दुरुस्त करता, एवढंच त्यात तपासतात. कायद्याने लागतं ते एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स, ते नसेल तर पहिलं ते.

९ हजार आहेतच तर पीएच मीटर आणि चांगला थर्मामीटर घ्या. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, माल जितका आंबट तितका तो कमी. पल्पचा पीएच ४.६ च्या खाली असला की सगळ्यात घातक जंतू वाढू शकत नाहीत, हापूस तसा आंबटच पण खूप पिकलेल्या फळाचा आकडा वर सरकतो, म्हणून दर घाण्याला बघायचा. १९६० च्या आसपास नासासाठी अंतराळवीरांचं खाणं करताना पिल्सबरी कंपनीच्या लोकांच्या लक्षात आलं की तयार माल तपासून खात्री करायची म्हटलं तर जवळजवळ सगळा माल तपासणीतच संपेल. मग त्यांनी करतानाच कुठे बिघडू शकतं त्या जागा धरल्या आणि तिथे पहारा ठेवला, त्यालाच पुढे हॅसॅप म्हणायला लागले. तुमच्याकडे अशा जागा किती? उकळी, बाटली, झाकण, आणि बस. वहीत तारीख, घाणा नंबर, पीएच, तापमान आणि भरणारीची सही. दुकानदार ही वही बघायला मागेल न मागेल, पण एखादी बाटली फसफसली म्हणून फोन आला तर कुठल्या घाण्याचा माल परत बोलवायचा ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल.

प्रश्न : गुहागरला वडिलोपार्जित जागेत चार खोल्यांचा होमस्टे बांधतोय, मी नोकरीला ठाण्यात. मे महिन्याच्या सीझनला उघडायचा होता, ते गेलंच. आता दिवाळी तरी मिळू दे म्हणून कंत्राटदाराच्या मागे लागलो तर तो म्हणतो माणसं डबल लावतो, पैसे वाढवा. एक स्लॅब राहिलाय, बोअर, वीज मीटर, टाईल्स, फर्निचर बाकी. देऊ का वाढवून?

उत्तर : कशासाठी माणसं वाढवतो ते आधी विचारा. स्लॅबला पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारायचंय, खालचे टेकू काढायला, आधारांमधलं अंतर मोठं असेल तर, १४ दिवस. तिथे पन्नास माणसं उभी केली तरी ते १४ चे १३ होणार नाहीत. मीटरचा अर्ज ज्या टेबलावर आहे तिथे तुमचा गवंडी काय करणार?

१९५७ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीच्या लोकांनी केमिकल प्लांट बांधताना क्रिटिकल पाथ काढायची रीत बसवली. सगळी कामं लिहायची, कुठलं कशावर अडलंय त्याचे बाण काढायचे, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत जो सगळ्यात लांब रस्ता होतो तोच तुमची तारीख ठरवतो. त्या रस्त्यावर नसलेल्या कामात घाई म्हणजे पैसे पाण्यात. याचं आपल्या दारातलं उदाहरण कोकण रेल्वे आहे. रोहा ते मंगळूर ७४० किलोमीटरच्या आसपास लाईन, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, पानवलचा उंच पूल झाला, आणि दीडेक किलोमीटरचा पेडण्याचा बोगदा मात्र मऊ मातीत परत परत ढासळत राहिला, पाणी भरत राहिलं. बाकी ठिकाणी गाड्या धावत होत्या तरी रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग गाडी सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला, पेडणे पार पडल्यावरच.

तुमचं पेडणं कोणतं ते शोधा. मला पत्रावरून वाटतं ते बोअर आहे, मीटर नंतर. बोअरची गाडी पावसात त्या लाल मातीत उतरायला ड्रायव्हर तयार होत नाही, म्हणजे एकदा जून लागला की पावसाने उघडीप दिल्याशिवाय विषय संपला. पाणी नाही तर टाईल्सवाला काय करणार, आणि संडास-बाथरूमची टेस्टिंग कशी होणार? आणि मधे गणपती आहेत. कोकणात कामाचं वेळापत्रक करताना गणपती आणि शिमगा ज्याने धरला नाही त्याने ते वेळापत्रक ठाण्यात बसून केलंय हे लगेच ओळखू येतं, रागावू नका. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि नंतरचा आठवडाभर लोकल माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याचं मन आरतीत.

उशीर झालेल्या कामावर नवीन माणसं घातली की ते अजून लांबतं, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरबद्दल लिहिलं, बांधकामाला ते सगळंच्या सगळं लागू नाही, टाईल्स दोघांऐवजी चौघांनी बसवल्या तर खरंच लवकर होतात. म्हणून पैसे वाढवायचेच तर फक्त टाईल्ससाठी, आणि तेही बोअरला पाणी लागल्यावर. मीटरचा अर्ज याच आठवड्यात टाका, स्वतः या एक दिवस रजा काढून, कंत्राटदारावर सोडू नका. फर्निचर चिपळूणलाच करून घेणार असाल तर सुताराला मापं आत्ता द्या, खोल्या तयार व्हायची वाट बघायचं त्यात काही नाही. आणि दिवाळीचं बुकिंग घेऊ नका अजून. पाणी लागलं, मीटर बसला, की मग घ्या.