यीस्टच्या गुणसूत्रावर डीएनएची प्रतिकृती नेमकी कुठून सुरू होते?

कोल्हापुरात बी.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने सेमिनारची तयारी करताना विचारले आहे की, यीस्टचे आरंभस्थान (डीएनएची प्रत काढायला सुरुवात होते ती जागा) ओळखण्याची खूण म्हणून पुस्तकात दिलेला 11 अक्षरांचा क्रम संगणकावर शोधला तर तो हजारो ठिकाणी सापडतो. मग प्रतिकृती त्या सगळ्याच जागांपासून सुरू होते का? नाही. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवनीत मळी आंबवणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या 16 गुणसूत्रांवर प्रत्यक्ष कार्यरत आरंभस्थाने साधारण 400च आहेत.

हा क्रम हाती आला तो 1979 मध्ये स्टॅनफर्डला रोनाल्ड डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेल्या कामातून, आणि त्यामागची युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ट्रिप्टोफॅन बनवू न शकणाऱ्या यीस्टमध्ये त्यासाठीचे जनुक असलेला वर्तुळाकार डीएनए सोडायचा आणि ट्रिप्टोफॅन नसलेल्या माध्यमावर पेशी वाढवायच्या. त्या वर्तुळाला स्वतःची प्रत काढता आली नाही तर वसाहती क्वचितच दिसतात; पण त्यात आरंभस्थानाचा तुकडा असेल तर त्या भरपूर उगवतात. अशा तुकड्यांना एआरएस (स्वतःची प्रत काढू देणारा क्रम) म्हणतात. त्यातल्या 11 अक्षरांपैकी, जी बहुतांशी ए आणि टी असतात, मोक्याच्या जागचे एक अक्षर बदलले तरी हा गुण नाहीसा होऊ शकतो.

म्हणजे हा क्रम आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. 1992 मध्ये बेल आणि स्टिलमन यांनी शोधलेले ओआरसी हे सहा प्रथिनांचे संकुल या क्रमाला आणि त्याच्या शेजारच्या बी-1 भागाला धरते. तिथे न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो तो प्रथिनांचा गोळा, बसलेला असेल तर ओआरसीला जागाच मिळत नाही. ओआरसी बसल्यावर जी-1 अवस्थेत (प्रतिकृतीच्या आधीच्या टप्प्यात) डीएनएचे धागे उलगडणाऱ्या एमसीएम प्रथिनांची दोन कडी डीएनएभोवती चढवली जातात, मात्र ती एस अवस्थेतच, म्हणजे प्रत्यक्ष प्रतिकृतीच्या टप्प्यात, कार्यान्वित होतात.

इतके सगळे जुळूनही आरंभस्थान गप्प राहू शकते, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या टोकाजवळचे एआरएस 303 आणि एआरएस 320 हे तुकडे वर्तुळाकार डीएनएवर चांगले काम करतात, गुणसूत्रावर दुसऱ्या जागी हलवले तरी करतात, पण मूळ जागी करत नाहीत. सुमारे 24,000 बेस-जोड्या दूर असलेले एआरएस 305 काढून टाकले, की तेच तुकडे मूळ जागीही जागे होतात. कारण एरवी 305 पासून निघालेला प्रतिकृतीचा काटा (धागे उलगडून प्रत काढत पुढे सरकणारी जागा) त्यांची पाळी येण्याआधीच तिथून पुढे गेलेला असतो.

म्हणून सेमिनारमध्ये क्रमांची नुसती यादी देऊ नये. मिळालेल्या जागांपैकी किती न्यूक्लिओसोममुक्त पट्ट्यांत येतात हे आधी तपासावे, आणि त्यांपैकी किती ठिकाणी ब्रूअर आणि फँगमन यांच्या 1987 च्या द्विमितीय जेल पद्धतीने प्रतिकृतीचा बुडबुडा (आरंभस्थानी उघडलेला डीएनए) प्रत्यक्ष दिसला आहे, ते वेगळ्या रकान्यात मांडावे.