सुरुवातीच्या सोव्हिएत साहित्यात ज्यूद्वेष दिसतो, की फक्त सरकारी प्रचार?

दोन्ही दिसतं, आणि एकाच माणसाच्या लिखाणात बघायचं असेल तर इसाक बाबेल वाचा. मी आधी त्याच्या कथा वाचल्या, डायरी नंतर हाती आली. मग कथा पुन्हा पहिल्यापासून वाचाव्या लागल्या.

बाबेल ओडेसाचा ज्यू. १९२० साली पोलंडशी युद्ध चालू असताना तो सेनापती बुद्योन्नीच्या लाल (म्हणजे बोल्शेविक) घोडदळाबरोबर फिरत होता आणि सैन्याच्याच वर्तमानपत्रात लिहीत होता. नाव घेतलं होतं किरिल ल्युतोव, अस्सल रशियन. त्या घोडदळातल्या कोझॅकांमध्ये, म्हणजे परंपरेनं घोड्यावरून लढणाऱ्या लोकांमध्ये, ज्यू म्हणून वावरणं कठीण होतं. कागदावर मात्र सरकार ज्यूद्वेषाच्या विरोधातच होतं. जुलै १९१८ मध्ये तसा हुकूमनामा निघाला होता, १९१९ मध्ये लेनिनचं त्यावरचं भाषणही ग्रामोफोनच्या तबकडीवर आलं होतं.

ऑगस्ट १९२० मध्ये पोलंडच्या बाजूनं लढणाऱ्या कोझॅकांनी कोमारोव गावात ज्यूंची कत्तल केली. मागोमाग लाल घोडदळ पोचलं. वर्तमानपत्रात बाबेलनं त्या कत्तलीवर लिहिलं, वाचताना अंगावर काटा येतो. कत्तल खरीच होती. पण डायरीत पुढचंही आहे: आपली माणसं थंडपणे हिंडतायत, मिळेल ते लुटतायत, मेलेल्यांच्या अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतायत. द्वेष तोच, कोझॅक तेच, फक्त सैन्यं वेगळी, असा त्याचा सूर आहे. प्रचार कसा चालतो ते मला इथं समजलं. खोटं लिहावं लागत नाही, अर्धं गाळलं तरी पुरतं.

गाळलेलं पुढे कथांमध्ये आलं. 'बेरेस्तेच्को' या कथेत लाल सैन्यातला कुद्र्या एका म्हाताऱ्या ज्यूला हेर ठरवून त्याचं डोकं काखेत धरतो आणि अंगावर रक्त उडू न देता गळा चिरतो. त्याच कथेत चौकात सभा भरते. लुटल्या गेलेल्या ज्यूंना कमिसार, म्हणजे सैन्यातला पक्षाचा राजकीय अधिकारी, सांगतो, सत्ता तुमची, इथलं सगळं तुमचं. बाबेल यावर काहीच म्हणत नाही, आणि म्हणूनच ते वाचणं सहन होत नाही.

बुद्योन्नीनं १९२४ मध्ये आणि पुन्हा १९२८ मध्ये बाबेलवर सैन्याची बदनामी केल्याचा जाहीर आरोप केला. तेव्हा लेखक मॅक्सिम गॉर्की बाबेलच्या पाठीशी उभा राहिला. १९३६ मध्ये गॉर्की वारला. मे १९३९ मध्ये बाबेलला अटक झाली आणि २७ जानेवारी १९४० रोजी गोळी घालण्यात आली. बेरेस्तेच्कोतल्या म्हाताऱ्यावर होता तोच आरोप त्याच्यावरही होता, हेरगिरीचा.