आजीला काय विचारू?

प्रश्न : माण तालुक्यातल्या खाण्यावर प्रबंध लिहितेय. १९७२ च्या दुष्काळाबद्दल आजी 'मिलो खाल्ली' (मिलो म्हणजे रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी) एवढंच सांगते. पुढं काय विचारू? (एक वाचक, दहिवडी)

उत्तर : वही मिटा, तिच्याजवळ भाकरी थापायला बसा. माझी आई आटपाडीची, चुलीपुढंच बोलायची. शेवटी कोण जेवायचं, हे आधी विचारा. बाईच्या वाट्याला कोरभर भाकरी यायची, ते रेशनकार्डावर दिसत नाही. मग विचारा दुष्काळी कामावर मजुरांना मिळणारी सुकडी (पिठाचा पौष्टिक खाऊ), पेवातली म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली ज्वारी, कडबा. शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, तो गेला की कडबाही जातो न् बैलाचंही पोट जातं, म्हणून ज्वारीला नुसतं धान्य समजू नका! आजचं रेशनही विचारा : २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबांना (स्वस्त धान्यासाठी निवडलेल्या घरांना) माणशी महिना ५ किलो धान्य ठरवलं. घरात ते कसं वाटलं जातं, तेही बघा. आजी गप्प झाली, तर घाई करू नका.