पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात एटीव्ही: आधी परतीचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचे चौघे, दोन ५७० सीसी आणि दोन १२५ सीसी एटीव्ही (मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या, कच्च्या वाटेवरच्या चारचाकी गाड्या), डिसेंबरात दोन दिवस-एक रात्र पेठ-सुरगाणा भागात, रोज ८०-९० किलोमीटर, तर सोबत काय काय न्यावं? सामानाचं नंतर बघू. आधी दुसराच प्रश्न सोडवा. सर्वांत लांबच्या टोकाला, ओहोळाच्या पलीकडे, दुपारी साडेतीनला एक गाडी बंद पडली तर तिचं साडेतीनशे किलोचं धूड बाहेर कसं काढणार? याचं उत्तर सापडलं की मार्ग, अंतर, पेट्रोल, हत्यारं सगळं त्यातूनच ठरतं.

त्याच्याही आधी कायद्याचं. ट्रॅक्टर म्हणून मंजुरी मिळालेली मोजकी मॉडेल्स सोडली तर आपल्याकडच्या एटीव्हींना आरटीओची नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही, म्हणून रस्त्यासाठीचा थर्ड पार्टी विमाही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्या खूप मोठी आहे. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट त्यात येते, मग ती डांबरी असो की मुरमाची. ‘फक्त गावातून पलीकडे जाऊ’ हेसुद्धा चालत नाही. म्हणजे नाशिकपासून मुक्कामाच्या जागेपर्यंत गाड्या पिकअपवर न्यायच्या आणि चालवायच्या फक्त खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने.

जमिनीचंही नीट पाहा, कारण फसगत इथेच होते. त्या भागात राखीव वन आणि वावरं एकमेकांत मिसळलेली आहेत. सातबारा ऑनलाइन दिसतो, गट नंबरचा नकाशाही दिसतो. मार्ग त्यावर टाकून पाहा. एखाद्याकडे वनपट्टा असेल तर त्याला कसण्याचा हक्क आहे, पण जमीन वनाचीच राहते. त्याने ‘या की बिनधास्त’ म्हटलं तरी ती परवानगी पुरेशी नाही. राखीव वनात विनापरवाना गाडी घालणं भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे आणि गाडी जप्त होऊ शकते. मार्गाचा एखादा तुकडा वनातून जात असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. नकार आला तर तो तुकडा गाळा. बोरगड, ममदापूर, नांदूर मधमेश्वर आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या हद्दीतलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही संरक्षित क्षेत्रं तुमच्या यादीत असतील तर आत्ताच खोडा. सापुताऱ्याकडून डांगच्या जंगलात शिरायचा बेतही त्याच रांगेत.

सरपंच आणि पोलीस पाटील दोघांना आठवडाभर आधी प्रत्यक्ष भेटा. फोनवर ‘हो हो’ म्हटलेलं ऐनवेळी कुणाला आठवत नाही. याच फेरीत दोन नंबर मिळवा: पाड्यावर ट्रॅक्टर कुणाकडे आहे त्याचा आणि पिकअप जिथपर्यंत येऊ शकते त्या घराचा. विंच (गाडीला बसवलेलं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) कितीही भारी असो, निम्म्या वेळा गाडी शेवटी ट्रॅक्टरच ओढतो. त्याचे पैसे आधी ठरवून ठेवा.

आता तुमचा बेत. माझं स्पष्ट मत: १२५ सीसीच्या दोन्ही गाड्या घरी ठेवा. चेन ड्राइव्ह, फोर व्हील ड्राइव्ह नाही, चाकं लहान, जमिनीपासून उंची कमी. त्यातल्या बहुतेकांना मागे डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसून सरळ अ‍ॅक्सल असतो, त्यामुळे वळताना गाडी सरळच ढकलत जाते. मार्ग सर्वांत कमकुवत गाडीच्या कुवतीने ठरतो, म्हणजे मोठ्या दोन गाड्यांचाही उपयोग उरणार नाही. त्यापेक्षा दोन ५७० आणि एक फोर बाय फोर जीप घ्या. दोघे एटीव्हीवर, दोघे जीपमध्ये, दर अर्ध्या दिवसाने अदलाबदल. जीप कच्च्या रस्त्याने पुढच्या ठरलेल्या ठिकाणी येऊन थांबते. बाहेर कसं काढणार, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. एकट्याची सीट असलेल्या गाडीवर डबलसीट बसायचं नाही. चढावर मागच्याचं वजन मागच्या चाकांच्याही मागे जातं आणि पुढची चाकं उचलतात.

८०-९० किलोमीटर विसरा. लो रेंजमध्ये (जास्त जोर, कमी वेगाच्या गिअरमध्ये), बांध-ओहोळ पार करत, ताशी ८ ते १० किलोमीटर धरा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो. दवाने ओला कातळ सुकायला साडेआठ वाजतात आणि चारला तुम्ही मुक्कामाच्या वाटेवर असायला हवं. थांबे, जेवण, एक पंक्चर धरलं तर ३५ ते ४० किलोमीटर हा भरगच्च दिवस. आणि एक लांब रेघ न आखता मुक्कामाभोवती दोन पाकळ्या आखा, सकाळची एक, दुपारची एक. मग कुठूनही मुक्काम सात-आठ किलोमीटरच्या आत राहतो.

पेट्रोलचा हिशोब मॉडेलच्या जाहिरातीवरून करू नका. टाकी गच्च भरा, घराजवळच्या मोकळ्या खासगी माळावर लो रेंजमध्ये १० किलोमीटर चालवा, परत गच्च भरा. किती लिटर गेलं तो तुमचा खरा आकडा. मोठ्या इंजिनाला अशा वाटेवर लिटरला ६ किलोमीटर धरून चालावं. ४० किलोमीटरला सुमारे ७ लिटर, दोन गाड्या दोन दिवस म्हणजे २८ लिटर. टाक्या १७-१७ लिटरच्या असतील तर ३४ लिटर आतच आहे. वर २० लिटरचा एक धातूचा जेरीकॅन जीपमध्ये. पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना ३० लिटरपर्यंतच नेता येतं, आणि धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा चालत नाही. पाण्याचे प्लास्टिकचे कॅन त्यासाठी वापरू नका. डबा काठोकाठ भरू नका, दुपारी पेट्रोल फुगतं. डबा एटीव्हीच्या पुढच्या रॅकवर तर अजिबात नको: वजन उंचावर गेलं की आडव्या उतारावर गाडी कलंडायला निमित्तच लागतं.

टायरवर थोडं थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण ४ ते ७ पीएसआय हवा असते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आहे. पंपावरचं मीटर इतकं खाली नीट दाखवतच नाही. कमी दाबाचं वेगळं गेज घ्या, सकाळी टायर थंड असताना मोजा आणि एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांत तेवढीच हवा ठेवा. एका पीएसआयचा फरकसुद्धा गाडी एका बाजूला ओढतो. पंक्चर होणार ते बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांनी, कारण कुंपणाला लावलेल्या काट्याकुट्या वाटेवर पसरलेल्या असतात. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका. आधी प्लग (भोकात ठासायची रबरी पट्टी) आणि सुई हातात घ्या, मग उपटा. नाहीतर गवतात भोक शोधत बसाल. २० प्लग, रबर सोल्युशन, दोन व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हमधली हवा अडवणारी पिन) आणि १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर हवाच. तो बिघडला तर सायकलचा पंपही चालतो, दाब कमीच लागत असल्याने दहा मिनिटांत भरतं. कमी हवेत आडवं घसरलं की टायर रिमवरून निसटतो. तेव्हा टायरच्या मधल्या पट्ट्यावर रॅचेटचा पट्टा गोल गुंडाळून आवळा, कडेला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्ह कोअर काढून जोरात हवा भरा. ‘टप्’ असा दोनदा आवाज आला की दोन्ही कडा बसल्या. मग पट्टा लगेच सोडा आणि कोअर लावून दाब मोजा.

दुसरा नेहमीचा घोळ सीव्हीटी बेल्टचा, म्हणजे दोन पुलींमधून इंजिनाचा जोर पुढे देणाऱ्या रबरी पट्ट्याचा. जळका रबराचा वास आला म्हणजे कुणीतरी हाय रेंजमध्ये चालण्याच्या वेगाने चढ चढवतोय. थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन पाच मिनिटं हळू चालू द्या म्हणजे पंख्याची हवा कव्हरमधून फिरेल, मग लो रेंजमध्ये पुढे जा. पाण्यातून गेल्यावर गाडी नुसती गुरगुरली आणि पुढे सरकली नाही तर बेल्ट ओला आहे. कव्हरच्या तळाचा ड्रेन प्लग उघडून पाणी जाऊ द्या, न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन सुकवा. जास्तीचा बेल्ट नेताच, पण तो एकदा घरच्या अंगणात बदलून पाहा. कव्हरच्या स्क्रूचं माप, क्लच उघडायचा बोल्ट, बेल्ट कोणत्या दिशेने बसतो, हे सगळं तिथे कळतं. तुटलेल्या बेल्टचे दोरे पुलीच्या मागे शाफ्टला गुंडाळले जातात. ते पक्कडीने उपसून काढले नाहीत तर नवा बेल्टही अर्ध्या तासात जातो आणि सील फाटतं ते वेगळं.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारायचा मोह आवरा. एअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल तर सिलिंडरमध्ये अडकलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी कोरड्यात ओढा, एअरबॉक्स उघडा, स्पार्क प्लग काढा, मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर उडवा. ऑइल दुधासारखं दिसत असेल तर त्या गाडीची ट्रिप संपली, पिकअप बोलवा. ओहोळ पार करण्यापूर्वी काठी घेऊन पायी जा. फुटरेस्टच्या वर पाणी असेल तर दुसरी जागा शोधा. डिसेंबरात पाणी कमी असतं, पण काठाची काळी माती वरून सुकलेली आणि आत लोण्यासारखी असते. गाडी फसते ती पाण्यात नव्हे, पाण्यातून बाहेर पडताना.

विंच ठेवा, सोबत झाडासाठी रुंद पट्टा, दोन डी-शॅकल (दोर जोडायच्या लोखंडी कड्या), हातमोजे. तारेचा दोर असेल तर ओढताना त्यावर घोंगडी टाका. दोर तुटला तर वार तिच्यावर जातो. हँडल किंवा रॅकला कधीच बांधू नका, हुकलाच बांधा. माळावर झाड नसेल तर दुसरी एटीव्ही समोर आणून तिच्या चाकांपुढे दगड लावा. इंजिन चालू ठेवूनच विंच वापरा, नाहीतर बॅटरी बसते आणि थंडीत ती आधीच सुस्त असते.

शेतातून जाताना भाताची खाचरं रिकामी दिसतात म्हणून बांध सरळ चढू नका. बांध एकदा खचला की पावसाळ्यात खाचरात पाणी थांबत नाही, आणि तो परत घालायला माणसाचा दिवस जातो. बैलगाडी जिथून जाते तिथूनच जा. बोरगाव-सुरगाणा पट्ट्यात याच दिवसांत स्ट्रॉबेरीचे वाफे आणि त्यांच्या ठिबकच्या नळ्या असतात. चाकाखाली आलेली नळी लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी वाळलेले वाफे दिसतात. रानडुकरांसाठी ताणलेली बारीक तार छातीच्या उंचीवर असू शकते. फुलफेस हेल्मेट आणि वेग कमी, याला पर्याय नाही. पाड्यावर पोरं ‘एक फेरी द्या ना’ म्हणत गाडीभोवती जमतील. प्रेमाने नाही म्हणा आणि किल्ली खिशात ठेवा, गाडीला नाही.

उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडला की काही ऑटोमॅटिक गाड्यांत बेल्टवरची पकड सुटते आणि इंजिन ब्रेक नाहीसा होतो; किंचित थ्रॉटल देऊन लो रेंजमध्ये उतरा. चढावर गाडी दमली तर ब्रेक धरून ठेवा, पार्किंग ब्रेक लावा, चढाच्या बाजूने उतरा. मागे घरंगळू लागलेली गाडी हाताने थोपवायची नाही. ती गेली तर जाऊ द्या.

मोबाइलला दऱ्यांत रेंज नसते. ऑफलाइन नकाशा दोन फोनमध्ये, शिवाय ४४६ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे परवानामुक्त वॉकीटॉकी जीप आणि एटीव्हीसाठी पुरतात, पण डोंगर आडवा आला की नाही. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगू नका, त्यात अटकही होते. पेठ आणि सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी फोन करून सर्पदंशावरचं प्रतिविष आणि रात्रीचे डॉक्टर यांची खात्री करा. हाड मोडलं किंवा छातीवर गाडी आली तर १०८ ला कॉल करतानाच जीप निघालेली असावी. ज्या घरापर्यंत पिकअप येते त्याच घरी भेटायचं, असं रुग्णवाहिकेला सांगा. ‘डोंगरात आहोत’ म्हणून काही उपयोग नाही.

पाणी चौघांना पिण्या-स्वयंपाकाला दोन दिवसांसाठी ४० लिटर. हत्यारांत सॉकेट सेट, पक्कड, फ्यूज, झिप टाय, बाइंडिंग वायर, एम-सील, जास्तीचा स्पार्क प्लग, एक लिटर ऑइल, आणि तेल लावलेला एअर फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत.

गाड्या चढवताना पिकअप मागून शेताच्या बांधाला लावली तर रॅम्पचा चढ निम्मा होतो. रॅम्प पट्ट्याने पिकअपला बांधा, नाहीतर पुढची चाकं वर गेल्यावर तो मागे सरकतो. चार कोपऱ्यांना पट्टे आवळून सस्पेन्शन थोडं दाबा आणि पाच-सहा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. परत आल्यावर धुताना प्रेशरचं पाणी रेडिएटरच्या जाळीवर आणि बेअरिंगवर मारू नका. सीव्ही बूट (चाकाकडच्या सांध्यावरचं रबरी आवरण) हाताने चाचपा. त्यातून ग्रीस बाहेर आलेलं दिसलं तर पुढच्या ट्रिपच्या आधी तो बदला.