धावते रोज, तरी वेळ का वाढतोय?

"मॅडम, प्रोटीन पावडर कुठली घेऊ, तेवढं सांगा." पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली माझ्याकडे आहाराबद्दल विचारायला येतात ती बहुधा हाच प्रश्न घेऊन. ही मुलगीही तशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) माण तालुक्यातली, वय २०, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ५० किलो. पुण्यात पेठेत तिघींत एक खोली, दिवसभर अभ्यासिका, दोन वेळ मेस आणि सकाळ-संध्याकाळ ग्राउंड. मुलींच्या मैदानी चाचणीत ८०० मीटरला २० गुण असतात, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. जूनमध्ये ८०० मीटरला तिला ३ मिनिटं ५ सेकंद लागत होते, ऑक्टोबरमध्ये ३:१८. मधल्या काळात सराव मात्र जवळपास दुप्पट झाला होता.

कारण तिनेच शोधून ठेवलं होतं: वजन जास्त आणि प्रोटीन कमी. म्हणून भात बंद, गोड बंद, सकाळी लिंबू-मधाचं कोमट पाणी पिऊन उपाशीपोटी धावणं. 'पोट रिकामं असलं की अंग हलकं राहतं', असं ग्राउंडवरच्या सरांचं म्हणणं.

पावडरीचं उत्तर बाजूला ठेवून आधी पाळीबद्दल विचारलं. "तीन महिने आली नाही. पण बरंच आहे ना, सराव बुडत नाही." नडग्या दुखतात, पंख्याखालीही थंडी वाजते, रात्री दोनला जाग येते, हेही विचारल्यावरच कळलं. पहिल्याच दिवशी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाळी तीन महिने नाही आली की आहारतक्ता नंतर, तपासण्या आधी. गर्भधारणा, थायरॉइडचा आजार वगैरे कारणं वगळली गेली. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, तिच्या वयाला ते किमान १२ हवं. नडग्यांसाठी डॉक्टरांनी तीन आठवडे धावणं निम्म्यावर आणलं.

दरम्यान तिने तीन दिवसांचं खाणं लिहून आणलं, दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. रविवार मुद्दाम, कारण त्या दिवशी संध्याकाळी मेस बंद असते. 'दोन पोळ्या' म्हणजे केवढ्या, हे कळायला तिने एक पोळी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिली. सगळी बेरीज दिवसाला साधारण ११३० कॅलरी: मधाचं पाणी २०, चहा आणि चार बिस्किटं १६०, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि पातळ वरण ४३०, एक केळं १००, संध्याकाळचा चहा ६०, रात्री दोन पोळ्या-भाजी ३६०. प्रथिनं २६ ग्रॅमच्या आसपास. रविवारी रात्री एक वडापाव.

आता खर्च बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी दिवसाला १६६०, मध्यम कष्टांना २१३० आणि जड कष्टांना २७२० कॅलरी धरल्या आहेत. ही मुलगी ग्राउंडवर घाम गाळते, पण आठ-नऊ तास अभ्यासिकेच्या खुर्चीतही असते, म्हणून शेवटचा आकडा तिला लागू नाही. धावण्याला दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. सकाळचे सहा किलोमीटर म्हणजे ३००, संध्याकाळच्या स्प्रिंट आणि गोळाफेकीचे १५० धरू. एकूण व्यायामखर्च ४५०.

खाल्लेल्या ११३० मधून हे ४५० गेले की उरतात ६८०. हृदय, मेंदू, हाडं, पाळी, शरीराची ऊब, सगळं त्यात भागवायचं. चरबी सोडून तिचं उरलेलं वजन सुमारे ३९ किलो. म्हणजे किलोमागे १७ कॅलरी. क्रीडावैद्यकात ही शिल्लक ४५ च्या आसपास असावी असं मानतात, आणि ती ३० च्या खाली बरेच दिवस राहिली तर शरीर काटकसर सुरू करतं. आधी बंद होतं ते जगायला तातडीचं नसलेलं काम, म्हणजे पाळी. मेंदूकडून बीजाशयांना जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडांची डागडुजी मागे पडते. थायरॉइडचं कामकाज धिमं होतं, म्हणून थंडी. स्नायूंतला साखरेचा साठा भरत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत पाय जड होतात. त्यात लोह कमी, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारेच कमी. वजन मात्र हट्टाने ५० वरच राहतं, कारण खर्चही आवळलेला असतो. ते बघून ती आणखी कमी खायची.

तिचं उद्दिष्ट तक्त्यातल्या मधल्या आकड्याच्या आसपास, २१०० ते २२०० कॅलरी ठरलं, पण एका झटक्यात नाही. महिनोन्‌महिने कमी खाल्लेल्या पोटात एकदम हजार कॅलरी घातल्या की पोट फुगतं, आणि मुलगी तिसऱ्या दिवशी तक्ता फाडून टाकते.

पहिल्या आठवड्यात फक्त सकाळ बदलली. धावण्याआधी अर्धा तास एक केळं, परतल्यावर अर्ध्या तासात दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध. खोलीत गॅस नाही, पण इलेक्ट्रिक किटली होती. तिच्यात अंडी व्यवस्थित उकडतात. एवढ्यातच ४०० च्या वर कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं वाढली. दुसऱ्या आठवड्यात दुपारी वाटीभर भात परत आला, वर चमचाभर तूप. वरणाचा प्रश्न पैशाचा नव्हताच. मेसवाल्या काकूंना एवढंच सांगायचं होतं, "काकू, डाव तळापासून फिरवून वाढा." वरच्या पाण्यात आणि तळच्या डाळीत दुपटीचा फरक असतो. रात्रीही वरण सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी ग्राउंडला जायच्या तासभर आधी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे आणि सुपारीएवढे गुळाचे दोन खडे. प्रथिनं आता ६५ ग्रॅमच्या पुढे, म्हणजे किलोमागे १.३. दोन-अडीच हजारांच्या पावडरीच्या डब्याची गरज तिथेच संपली. पावडर वाईट असते असं नाही. पण ज्याची भाकरीच कमी पडते आहे त्याने ती घेतली, तर महागडं प्रथिन इंधन म्हणून जळतं.

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली होती, पण ती चहासोबत घेत होती! चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा नाही, एवढा बदल केला. शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नको, हेही आधीच सांगून ठेवलं, नाहीतर गोळ्या तिथेच थांबतात.

गाडी अडकली ती दहाव्या दिवशी. वजन १.२ किलोने वाढलं आणि तिने दोन दिवस भात बंद केला. स्नायूंत साखर साठते तेव्हा एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठतं. ते वाढलेलं वजन म्हणजे मुख्यत्वे भरलेली टाकी. वजनकाटा आठवड्यातून एकदाच, सकाळी, असं ठरवून घेतलं.

दुसरी अडचण सोमवारच्या उपवासाची. तो सोडायला सांगायचं कारण नव्हतं. जोराचा सराव मंगळवारवर ढकलला, सोमवारी नुसतं हलकं धावणं. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसतं पिष्ट, त्यामुळे खिचडीत दाण्याचं कूट सढळ हाताने, बरोबर वाटीभर दही, आणि दिवसात दोनदा दूध. रविवारच्या रात्रीसाठी दूध-पोहे, केळं आणि किटलीतली अंडी.

सहाव्या आठवड्यात झोप लागू लागली. हिमोग्लोबिन दोन महिन्यांनी ११.४ झालं, गोळ्या पुढेही चालू राहिल्या. ८०० मीटर आधी ३:१० वर आणि जानेवारीत २:५८ वर आलं. वजन ५२ झालं. पाळी यायला पाचवा महिना उजाडला. ती इतकी उशिरा येते हे तिच्या आईला फोनवर दोनदा समजावावं लागलं.

शेवटच्या भेटीतला प्रश्न चाचणीच्या दिवसाचा होता. पहाटे हजर व्हायचं, कागदपत्रं, उंचीच्या मोजमापाच्या रांगा, आणि धावायची पाळी कधीकधी दहा-अकराला. तिला सांगितलं ते असं: आदल्या रात्री नेहमीचंच जेवण, भात थोडा जास्त, नवं काही नाही. पहाटे निघताना दूध-पोहे. पिशवीत दोन केळी, चार खजूर, शेंगदाण्याचा एक लाडू, आणि लिटरभर पाण्यात चिमूटभर मीठ व दोन चमचे साखर. रांगेत दर तासाला चार घोट. लाडू धावण्याआधी दोन तास, केळं पाऊण तास आधी, त्यानंतर फक्त पाणी. दुसरं केळं धावून झाल्यावर, कारण गोळाफेक बाकी असते.